यहूदाचा कान

सकाळच्या प्रार्थनेची पहिली घंटा होऊन गेली होती. लापो पूल ओलांडून नदीपलीकडच्या मठाकडे निघाला होता. काखेत कुंचल्यांची गुंडाळी, खिशात मूठभर भाजलेली चेस्टनट. फ्लोरेन्समध्ये नोव्हेंबरात आर्नोवर धुकं उतरलं की पुलावरची खाटकांची दुकानं दिसत नाहीत, नुसता वास येतो. त्या दिवशीही तसंच होतं. एक अपुरी राहिलेली भिंत पुरी करायची, एवढंच काम होतं. बावन्न वर्षांच्या चित्रकाराला त्यात नवीन काही नव्हतं.

नवीन एवढंच, की भिंत बाच्चोची होती.

बाच्चो आणि लापो ही शहरातली जुनी जोडी. दोघं बाराव्या वर्षी चिओने उस्तादांच्या चित्रशाळेत आले, एका पेंढ्याच्या गादीवर झोपले, एका भांड्यातून घेवड्याचं सार प्याले, आणि पुढची चाळीस वर्षं त्यांनी एकमेकांना पाण्यात पाहण्यात घालवली. बाच्चो म्हणायचा, "लापोचे देवदूत उडत नाहीत, त्यांना कोणीतरी खालून फेकलेलं असतं." लापो म्हणायचा, "बाच्चोच्या मेरीकडे नीट बघा, ते बाळ तिने शेजारणीकडून मागून आणलंय." लोक हसायचे, लोकांचं काय जातं? मोठमोठ्या भिंती मात्र बाच्चोकडे जायच्या. लापोच्या वाट्याला यायचे अंधाऱ्या कोपऱ्यातले संत. तो वाईट चित्रकार होता असं नाही. तो चांगला होता हेच त्याचं दुर्दैव, कारण बाच्चो किती मोठा आहे हे सबंध फ्लोरेन्समध्ये त्याच्याइतकं नीट कोणालाच कळत नव्हतं.

बाच्चोला पहिली भिंत ज्या रेखाटनावर मिळाली ते रेखाटन आपलं होतं, असं लापो सांगे. त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

लापोच्या डाव्या कानाची पाळी तुटलेली होती. चित्रशाळेत निळा रंग कोणी वाटायचा यावरून दोघांची जुंपली, बाच्चोच्या हातात गिलावा कापायची सुरी होती, आणि पाळीचा तुकडा रंगाच्या वाटीत जाऊन पडला. तेव्हापासून शहर त्याला कानतुट्या म्हणे. गिऱ्हाइकं म्हणत, मित्र म्हणत, बायको रागावली की तीही म्हणे.

एक गोष्ट मात्र शहराला माहीत नव्हती. एकवीस वर्षांपूर्वी लापोने चर्चच्या भिंतीवरच्या बंद पेटीत एक चिठ्ठी टाकली होती. अशा पेट्या शहरात जागोजाग असत. कोणीही कोणाविरुद्ध निनावी लिहून टाकावं, पुढचं सरकार पाहून घेई. चित्रकार बाच्चो हद्दपार केलेल्या माणसांची पत्रं पोचवतो, असं लापोने लिहिलं होतं. त्यात काडीचंही तथ्य नव्हतं. बाच्चोला सहा आठवडे कोठडीत ठेवलं, हात मागे बांधून दोरीने छताकडे ओढलं, आणि काहीच हाती लागेना तेव्हा सोडून दिलं. त्याचा उजवा खांदा कायमचा गेला. वर्षभर तो घरात बसून डाव्या हाताने चित्रं काढायला शिकला, आणि तो डावा हात उजव्यापेक्षा सरस निघाला. माझ्या चिठ्ठीनेच त्याला मोठं केलं, असं लापो कधी कधी मनाशी म्हणे. कधी कधी त्याला ते पटेही.

चिठ्ठी कोणाची होती ते बाच्चोने कधी कोणाला विचारलं नाही. त्याने विचारलं असतं तर लापोला बरं वाटलं असतं.

मग गेल्या वर्षी मठाच्या जेवणघरातली भिंत बाच्चोला मिळाली. विषय नेहमीचाच, येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं भोजन. शहरात एकच चर्चा सुरू झाली: गुरूला धरून देणाऱ्या यहूदाला बाच्चो कोणाचा चेहरा देणार? चित्रकार आपला राग तिथेच काढतात, हे फ्लोरेन्समध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. "कानतुट्या, दाढी नीट कर हो," लोक लापोला म्हणाले, "भिंतीवर जाऊन बसायचंय तुला." लापो त्यांच्याबरोबर हसला आणि घरी येऊन तळमळत पडला. यहूदा म्हणजे चुगलखोर. त्या बाकावर आपला चेहरा दिसला, तर एकवीस वर्षं झाकलेली गोष्ट आंधळ्यालाही वाचता येईल. खोटी चिठ्ठी टाकणाऱ्यालाही शिक्षा तीच होती. दोरी.

पण ऑक्टोबरात, सेंट ल्यूकच्या सणाला, भर दुपारी बाच्चो मेला. भिंतीवर सगळे बसले होते, यहूदा तेवढा राहिला होता. आणि मठातून लापोला बोलावणं आलं.

दाराशी मेओ उभा होता. मेओ हा गिलावा लावणारा गवंडी. साठी उलटलेली, हात चुन्याने फुटलेले. फ्लोरेन्समधल्या निम्म्या संतांच्या पाठीमागे त्याचाच चुना होता.

"या उस्ताद. धुक्यात नदीत गेला नाहीत, नशीब."

"गिलावा कधी लावतोस?"

"लावायचा नाहीये."

"म्हणजे?"

"लावलेला आहे," मेओ म्हणाला आणि त्याने दार ढकललं.

जेवणघर लांबट आणि थंड होतं. बाच्चो गेल्यापासून मठातल्या बाया स्वयंपाकघरातच जेवत होत्या. बाकांवर धूळ बसली होती आणि सगळीकडे ओल्या चुन्याचा वास होता. लापोने आधी भिंत पाहिली. टेबलाच्या पलीकडे येशू आणि अकरा जण बसले होते. पाव होता, मीठ होतं, कोणाच्या तरी बोटाला मासा लागलेला होता. त्यातला एक म्हातारा शिष्य असा ऐकत होता की आपणही गप्प व्हावं. लापोला मत्सर वाटला, नेहमीसारखा, आणि त्याबरोबर खाली बसावंसं वाटलं.

टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, जिथे यहूदा एकटा बसायचा होता, तिथे माणसाएवढा करडा तुकडा कोरा होता. तो चकाकत होता.

"हा काल लावलास?"

"सेंट ल्यूकच्या दिवशी."

लापोने मनात मोजलं. चाळीस दिवस झाले होते. तो परांचीवर चढला आणि त्याने गिलाव्याला बोट लावलं. बोट आत गेलं.

"छत गळतंय कुठेतरी."

"छत बघितलं. मागची भिंतही बघितली. खडखडीत आहे." मेओ खालूनच बोलत होता. "उस्ताद बाच्चोंनी सकाळी रेषा दाबल्या, जेवायला खाली आले, त्या तिथल्या बाकावर टेकले आणि... राहिलेच. कड कापली नाही त्यांनी."

या लोकांची रीत अशी. एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी भिंतीवर चढतो. तो ओला असेतो रंग आत मुरतो, वाळला की खेळ खलास. म्हणून संध्याकाळी चित्रकार उरलेला गिलावा थापीने कापून टाकतो आणि कड तिरकी करून ठेवतो. दुसऱ्या दिवशी नवा गिलावा तिथे जोडता येतो. कड कापली म्हणजे दिवस संपला. आणि आणखी एक गोष्ट सगळे पाळतात: दुसऱ्यासाठी लावलेल्या गिलाव्यावर आपला कुंचला ठेवायचा नाही. तो माणूस मेलेला असेल तर नाहीच नाही. खरवडायचा आणि आपला नवा लावायचा.

"मग खरवडला का नाहीस?"

"दोनदा थापी घेऊन चढलो. दोनदा उतरलो." मेओने हात पुसले. "माझं वय झालं, उस्ताद. मी कशाला कोणाच्या मध्ये पडू? तुम्ही शेजारी उभे राहा, आत्ता काढतो."

लापो गिलाव्याकडे पाहत राहिला. मोठ्या कागदावरून खिळ्याने दाबून काढलेल्या रेषा त्यात अजून ताज्या होत्या. बाकावर रेललेला देह, खांद्यावरून घसरलेला झगा, मुठीत आवळलेली थैली. चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता लंबगोल होता.

"चेहऱ्याचा कागद कुठाय?"

"केलाच नव्हता. तो भिंतीवरच काढतो म्हणाले."

तेव्हा लापोच्या डोक्यात ती गोष्ट आली. नवा गिलावा लावला तर जोड दिसणार, आणि जाणकार ओळखणार की इथून पुढे हात दुसऱ्याचा. याच गिलाव्यावर रंगवलं तर जोडच नाही. देह बाच्चोच्या रेषेत, आणि बाच्चोच्या हाताची नक्कल लापोला झोपेतही करता येत होती. मग त्या लंबगोलात बाच्चोचाच चेहरा बसवायचा. शहर म्हणेल, बघा, मरायच्या आधी त्याने स्वतःलाच यहूदा केलं. म्हणजे ती चिठ्ठी खरीच होती. म्हणजे ज्या हाताने ती लिहिली त्याने काही पाप केलं नाही.

एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्याला हलकं वाटलं.

"राहू दे," तो म्हणाला. "यावरच रंगवतो."

मेओने छातीवर क्रूसाची खूण केली. "उस्ताद, तो दिवस तुमचा नाही..."

"तू स्वयंपाकघरात जा. सिस्टरांनी सार ठेवलं असेल, ते पी. हाक मारेपर्यंत येऊ नकोस."

मेओ गेला. लापोने दाराला आतून कडी घातली, तेव्हा बाहेर दुसरी घंटा वाजायला लागली होती. तो परांचीवर चढेपर्यंत ती मध्येच बंद पडली. दोरी तुटली असेल, असं त्याला वाटलं.

फळीवर बाच्चोच्या रंगाच्या वाट्या होत्या. त्यांतले रंग नुकतेच वाटल्यासारखे ओले होते. मेओने भिजवले असतील. खिडकीतून पिवळसर ऊन आत आलं होतं, ऑक्टोबरात येतं तसं. धुकं विरलं असेल. फळ्यांना बडीशेपेचा वास येत होता. बाच्चो दिवसभर बडीशेप चघळायचा. लाकडात मुरला असेल वास. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं.

लापोने पिवळ्या मातीच्या रंगात कुंचला बुडवला आणि झगा रंगवायला घेतला. बाच्चोच्या रेषांमधून हात आपोआप सरकत होता. झगा झाला, दंड झाला, थैलीची मूठ झाली. वाट्या त्याच्या डाव्या बाजूला होत्या, त्याला दर वेळी अंगावरून हात न्यावा लागत होता. त्याने त्या उचलून उजवीकडे ठेवल्या. थोड्या वेळाने हात उजवीकडे गेला तर तिथे काही नव्हतं. वाट्या डावीकडे होत्या.

त्याने पुन्हा हलवल्या नाहीत.

ऊन भिंतीवरून सरकत गेलं. दुपार झाली असावी. मग त्याने चेहरा घेतला. खाली हिरवट मातीचा हात, त्यावर विटकरी, त्यावर चुन्याचा पांढरा. कपाळ, नाकाचा बाक, ओठाजवळची ती हसल्यासारखी घडी. यहूदा एका बाजूला वळलेला होता. त्याचा एकच डोळा दिसायचा होता आणि डावा कान सगळ्यांच्या समोर यायचा होता. चेहरा जमत गेला. आपण रागाने काढतो आहोत हे लापो मधूनमधून विसरला.

मग कान आला. त्याने जागा धरली आणि पहिली रेघ ओढली.

"खाली..."

"आहे तिथे बरा आहे," लापो म्हणाला.

उत्तर देऊन झाल्यावर त्याला कळलं की आपण उत्तर दिलं. चिओने उस्तादांकडे असताना बाच्चो असाच पाठीशी उभा राहून चुका काढायचा, आणि लापो असंच, मान न वळवता, उत्तर द्यायचा. इतक्या वर्षांची सवय होती, तोंडातून निघून गेलं.

आताही त्याने मान वळवली नाही. चाळीस दिवस ओला राहिलेला गिलावा आता वाळायला लागला होता, रंग ओढून घेत होता. अशा वेळी कोणी थांबत नाही. हे खरं होतं. त्याला भीती वाटत होती, हेही खरं होतं. त्याच्या खांद्यामागे, अगदी जवळ, बडीशेपेचा दाणा दाताखाली फुटला.

"कान... खाली घे."

त्याने कान खाली घेतला. आणि लगेच दिसलं की तो तिथेच हवा होता. बाच्चोचं नेहमी असंच व्हायचं. त्याचं बरोबर निघायचं.

"आणि पाळी...?" हे कोणी विचारलं, आपण की त्याने, ते लापोला पुढे कधीच नक्की आठवलं नाही.

"ती... तुला येते."

हात चालत राहिला. आपण कान काढतो आहोत एवढंच त्याला कळत होतं. शेवटचा पांढरा ठिपका देऊन त्याने कुंचला खाली घेतला, तेव्हा डाव्या बाजूने थापीचा आवाज सुरू झाला. सावकाश. एकसारखा. गिलाव्याचे ओले तुकडे फळीवर पडत होते. थप्. थप्. कोणीतरी नीट, घाई न करता, कड कापत होतं. लापो डोळे मिटून बसून राहिला. आवाज थांबला. डोळे उघडले तेव्हा ऊन गेलं होतं आणि खिडकीत करडं धुकं होतं.

तो कसाबसा खाली उतरला आणि त्याने कडी काढली.

बाहेर घंटा वाजत होती. दुसरी घंटा, तिचे शेवटचे टोले. समोरच्या स्वयंपाकघरात मेओ अजून ओट्याशीच होता. त्याच्या हातातल्या वाडग्यातून वाफ येत होती.

"काय राहिलं, उस्ताद?"

"झालं," लापो म्हणाला. "दिवसभर..."

"आत्ताच तर कडी घातलीत. मी पहिला घोटही घेतला नाही." मग त्याचं लक्ष लापोच्या हातांकडे गेलं. कोपरापर्यंत रंग होता. मेओने वाडगं खाली ठेवलं आणि तो आत गेला.

परांचीवर चढून त्याने गिलाव्याला बोटाच्या पेराने टकटक केलं. कोरडा आवाज आला. मग त्याने कडेवरून अंगठा फिरवला.

"हा महिन्याभराचा वाळलेला आहे," तो म्हणाला. अंगठा पुन्हा कडेवरून नेत म्हणाला, "उस्ताद, तुम्ही डावखुरे कधीपासून झालात?"

"काय?"

"कड. उजव्या हाताची थापी असा उतार देते. ही उलटी आहे. या भिंतीवरच्या सगळ्या अशाच आहेत, पण त्या त्यांनी कापल्यात."

मेओने चेहऱ्याकडे पाहिलं आणि टोपी काढली. मग त्याची नजर यहूदाच्या कानावर गेली, तिथून खाली लापोवर आली, आणि चटकन जमिनीकडे वळली.

एवढ्यात मठाच्या मुख्य, मदर पिएरा, काठी टेकत आत आल्या. त्या सत्तरीच्या पुढे होत्या आणि कोणाला घाबरत नव्हत्या. भिंतीसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

"अगदी तोच," त्या म्हणाल्या. "सांगितलं होतं तसंच केलंत."

"कोणी सांगितलं होतं?"

"त्यानेच. उन्हाळ्यात मी त्याला म्हटलं, बाबा रे, शहर काय काय बोलतंय, माझ्या जेवणघरात तुमची भांडणं नकोत. यहूदा कोण आहे ते मला आधी सांग. तर म्हणाला, मीच आहे, मदर." त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "म्हणाला, एकोणीस वर्षांचा असताना मित्राचं रेखाटन स्वतःचं म्हणून दाखवलं आणि पहिली भिंत मिळवली. मित्र सांगत फिरला, पण कोणी ऐकलं नाही, आणि मी गप्प बसलो. तुम्ही सगळ्याजणी रोज माझ्यासमोर जेवाल, रोज माझ्यासाठी दोन शब्द म्हणा."

लापोला हे तेहतीस वर्षं ऐकायचं होतं. ऐकल्यावर कसं वाटेल याची त्याने कितीदा तरी कल्पना केली होती. प्रत्यक्षात त्याला नुसतं गार वाटलं. शिवी म्हणून जे भिंतीवर थापलं, ते त्या माणसाने आधीच स्वतःहून मागून घेतलेलं होतं.

"आणखी काही म्हणाला?"

"म्हणाला ना. ते मला नीट समजलं नाही. म्हणाला, चेहरा माझा, मदर. कान तेवढा मी काढणार नाही. ज्याचा आहे तो येईल आणि आपल्या हाताने काढील." त्या लापोकडे वळल्या. "म्हणून तर त्याने बजावून ठेवलं होतं, मला काही झालं तर लापोलाच बोलवा. दुसऱ्या कोणाला नको."

लापोने वर पाहिलं. तिथे, बाच्चोच्या चेहऱ्याला, त्याचा स्वतःचा कान होता. तुटकी पाळी, तिच्यामागची ती बारीक चुणी, जी फक्त त्याच्या बायकोला आणि न्हाव्याला माहीत होती. फ्लोरेन्समध्ये असा दुसरा कान नव्हता. रविवारी सगळं शहर इथे येणार होतं.

म्हणजे चिठ्ठी कोणाची ते बाच्चोला माहीत होतं. एकवीस वर्षं माहीत होतं.

"कान कोणाचा आहे, उस्ताद?" मदर पिएरांनी हळूच विचारलं. त्या आवाजात धाक नव्हता. सांगितलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं, आणि बहुधा ते स्वतःपाशीच ठेवलं असतं. एका वाक्याचं काम होतं. लापोने तोंड उघडलं. मेओ जमिनीकडे पाहत होता.

"कोणाचाच नाही," लापो म्हणाला. "चुकलाय. काढून टाकतो."

मदर पिएरा काठी टेकत निघून गेल्या. लापो छिन्नी-हातोडी घेऊन चढला. पाळी एका घावात निघाली आणि खालच्या रंगाच्या वाटीत जाऊन पडली. बाकीचा कान त्याने ठोकून ठोकून उडवला. मेओने फळीवरचा एक कपचा उचलला, दोन तुकडे केले आणि आत पाहिलं.

"आतून ओला आहे," तो म्हणाला.

लापो घरी निघाला तेव्हा पुलावर धुकं तसंच होतं. अर्ध्या वाटेवर त्याच्या मानेवर गार थेंब पडला. त्याने हात वर नेला आणि डाव्या कानाच्या तुटक्या जागी बोट लावलं. बोट पांढरं झालं. त्याने ते बाहीला पुसलं, पुन्हा लावलं, आणि ते पुन्हा पांढरं झालं. बडीशेपेचा वास येत होता. पुलावर कोणी नव्हतं.

रविवारी शहर लोटलं. यहूदाच्या जागी बाच्चोला पाहून माणसं आधी गप्प झाली आणि मग रडली. एवढा मोठा माणूस, स्वतःला कुठे बसवून गेला, असं जो तो म्हणाला. ती चिठ्ठी कोणालाच आठवली नाही. कानाच्या जागच्या खड्ड्याबद्दल लोक म्हणाले, मठातल्या उंदरांनी कुरतडला असेल. लापोवर कोणी संशय घेतला नाही. तो सुटला.

त्यानंतर त्याने एकही भिंत घेतली नाही. थंडी असो की ऊन, तो डाव्या कानावर लोकरी टोपी ओढून फिरे, चर्चमध्येही काढत नसे. कानतुट्याला म्हातारपणी कानाची लाज वाटायला लागली, असं लोक म्हणत. त्याच्या उशीचं फडकं त्याची बायको रोज बदलत असे, आणि ते धुतलेलं पाणी ती आपल्या झाडांना घालत नसे.

अकरा वर्षांनी, एका दुपारी, लापो गेला. त्याच्या बायकोने अंघोळ घालायला आप्तांना न बोलावता मेओला बोलावलं. तो तेव्हा पार वाकला होता, पण त्याचं तोंड बंद राहतं हे तिला माहीत होतं. तिने पाणी ठेवलं आणि ती बाहेर जाऊन उभी राहिली. मेओने टोपी काढली.

कान पुरा होता. तुटक्या पाळीच्या जागी चुन्याची पाळी होती, सुबक, जिथे हवी तिथेच. मेओने आयुष्यभर हेच काम केलं होतं. त्याने न राहवून बोट लावलं. बोट आत गेलं. सकाळी लावलेल्या गिलाव्यासारखा चुना ओला होता, आणि त्याची कड अजून कोणी कापलेली नव्हती.